शेवटच्या कडव्याआधी पुढे पाठवू नका

गाणं आवडलं की आपण पाठवतो. बोट लावलं, दहा नावं निवडली, सोडून दिलं. सोबत एक शब्द नाही. ज्याला मिळतं तोही अंगठा दाखवून मोकळा होतो. दोघांनीही ते शेवटपर्यंत ऐकलेलं नसतं. नांदेडच्या शिवाजीनगरात हेच चालतं आणि लातूरच्या औसा रोडवरही हेच. याला गाण्याची देवाणघेवाण म्हणायला मी तयार नाही.

कारण सांगतो, आणि ते आपल्या भागाचंच कारण आहे. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जे गाणं ऐकलं गेलं, त्यातल्या पुष्कळशा गाण्यांत कवी आपलं नाव शेवटी सांगतो. अभंगात ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ येतं ते शेवटच्या चरणात. गझलेत शायराचं तखल्लुस येतं मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात. वामनदादा कर्डकांच्या गीतांत ‘वामन’ भेटतो तो बहुधा शेवटच्या कडव्यात. तीस सेकंदांचा तुकडा पाठवणारा माणूस यातलं नेमकं काय कापतो? कवीचं नाव.

वामनदादांच्या बाबतीत हे कापणं जास्त लागतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेला हा माणूस आयुष्यभर गावोगाव गात हिंडला. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार ज्यांच्यापर्यंत पुस्तकातून पोचणं शक्य नव्हतं, त्यांच्यापर्यंत तो वामनदादांच्या चालीवर पोचला. मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत त्यांची गाणी तोंडपाठ आहेत. पण कॅसेटच्या कव्हरवर अनेकदा गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचं नाव मुंगीएवढं, कधी तेही नाही. वामनदादांनी नाव गाण्याच्या आतच विणून ठेवलं होतं. कव्हर फाटलं, दुकान बंद पडलं, गाणारा बदलला तरी नाव टिकावं अशी ती सोय होती. ती सोय आपण मोडली. कुणी बंदी घातली नाही, कुणी दमदाटी केली नाही. आपल्याला अडीच मिनिटं जास्त थांबायचं नव्हतं, एवढंच.

पूर्वी असं न थांबता चालत नसे. कॅसेट भरून घेणं हा काय प्रकार होता, ते विशीतल्या वाचकांना सांगायला हवं. साठची कॅसेट घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची घेतली तर पंचेचाळीस. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानात द्यायची, दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. यादी करणं हे खरं काम. गाण्यांच्या लांबीचा हिशेब चुकला तर बाजूच्या शेवटी गाणं मध्येच तुटायचं. म्हणून शेवटच्या तीन-साडेतीन मिनिटांसाठी तेवढ्याच लांबीचं गाणं शोधावं लागे. यादी करणाऱ्याने प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं असे, त्याशिवाय यादी बसतच नसे. कुठल्या गाण्यामागे कुठलं ठेवायचं, संथ चालीनंतर लगेच उडती चाल घेतली तर कानाला कसं लागेल, याचा विचार रात्र-रात्र चाले. मग ती कॅसेट मित्राला द्यायची.

आणि मित्राला ती परत करावी लागे. माझ्या मते सगळं मर्म या परत करण्यात होतं. परत करायला आलेला माणूस दारातून कॅसेट टाकून जात नसे. चहा व्हायचा. “कशी वाटली?” या प्रश्नाला उत्तर द्यावं लागायचं. “दुसरी बाजू जास्त आवडली,” असं म्हटलं तर “का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. न ऐकता परत करणारा तिथेच उघडा पडायचा. आता परत करायला काहीच नाही, म्हणून विचारायलाही काही नाही.

पण त्या काळाची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. भरलेल्या कॅसेटचे पैसे दुकानदाराला मिळाले, गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला छदाम मिळाला नाही. आपल्या आवडीची किंमत कलावंतांनी मोजली. हे ज्यांनी भरून घेतल्या त्या सगळ्यांनी मान्य करावं.

आता दुसरा मुद्दा, आणि हा जास्त झोंबणारा आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. टी-सिरीज १९८३ साली उभी राहिली, आणि तोवर एका मोठ्या कंपनीच्या हातात असलेला ध्वनिमुद्रणाचा धंदा गल्लीबोळांत आला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की भांडवल थोडं लागत असल्यामुळे बोलीतली, जातीजमातींची, देवस्थानांची गाणी पहिल्यांदा बाजारात आली. आपल्याकडेही तेच झालं. भीमगीतं, आराधी गीतं, गोंधळ, कव्वाल्या, भारुडं सगळं कॅसेटवर चढलं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, माहूरच्या पायथ्याशी, चौदा एप्रिलच्या गर्दीत कॅसेट विकल्या जाऊ लागल्या. मराठवाड्याचं असं गाणं पहिल्यांदा मराठवाड्याच्या हातात आलं.

आणि आपण काय केलं? आपापल्या गल्लीत ठेवलं.

प्रल्हाद शिंदे यांचंच घ्या. मंगळवेढ्याकडचा माणूस, कव्वालीच्या अंगाने तयार झालेला गळा, वरच्या पट्टीत गेला तरी शब्दाची धार न सोडणारा. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला लागत नाहीत असं गाव मराठवाड्यात सापडणार नाही. त्याच गळ्याने भीमगीतं गायली आणि ती चौदा एप्रिलला लागतात. गळा एक, माणूस एक, महाराष्ट्र तोच. तरी ज्या घरात त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांची कॅसेट होती, त्यातल्या कितीशा घरांत भीमगीतांची होती? शेजारच्या वस्तीतल्या माणसाने ती कधी मागितली का? किंवा देऊ केली का? एकाच गायकाच्या दोन कॅसेट एका शहरात वर्षानुवर्षं राहिल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, गाण्यात जात आणू नका. मी आणत नाही. ती यादीत आधीच बसलेली आहे. तुमच्या आवडत्या दहा अल्बमांची यादी काढा आणि त्यातले किती तुम्हाला तुमच्या गल्लीबाहेरच्या माणसाने सुचवले, ते मोजा. मग माझ्याशी भांडायला या.

याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं संघर्ष झाला. नांदेड जिल्ह्याने त्यात माणसं गमावली. त्या वर्षांत जे गायलं गेलं ते या भागाच्या इतिहासाचं ध्वनिमुद्रण आहे. नांदेडच्या ज्या दिवाणखान्यांत ख्यालाच्या तालमीवर तासभर चर्चा रंगते, तिथे या गाण्यांचा उल्लेख मी ऐकलेला नाही. ऐकणाऱ्यांच्या कानात काही कमी नाही. त्यांना कुणी सुचवलं नाही, आणि सुचवायला जाण्याची हिंमत दुसऱ्या बाजूलाही झाली नाही.

नामदेवांचं उदाहरण तर याहून मोठं आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे.

नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यात. नांदेडहून दोन-अडीच तासांत पोचता येतं. नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. तिथे त्यांची एकसष्ट पदं आहेत, आणि ती रागवार लावलेली आहेत: आसा, धनासरी, गोंड, भैरव, सारंग, मल्हार. पुढे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी नांदेडमध्ये गोदावरीकाठी देह ठेवला, ग्रंथालाच गुरुपद दिलं, आणि त्या जागी आज सचखंड गुरुद्वारा उभा आहे. म्हणजे मराठवाड्यातून निघालेली वाणी पंजाब फिरून परत मराठवाड्यात आली आणि इथे रागात गायली जाते.

आता नांदेडच्या संगीतप्रेमींना एक साधा प्रश्न. भीमसेन जोशींनी गायलेले नामदेवांचे अभंग तुमच्याकडे नक्की असतील. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चाली तुम्ही डोळे मिटून ओळखाल. त्याच नामदेवांची गुरुबाणीतली पदं गुरुद्वाऱ्यात रागी गातात, ती तुम्ही कधी पूर्ण ऐकली आहेत का? गुरुद्वाऱ्याजवळच्या शीख घरात जाऊन “तुमच्याकडे नामदेवांचं कोणतं रेकॉर्डिंग आहे, मला ऐकवा” असं कधी म्हटलंत का? आणि तिथल्या शीख बांधवांना भीमसेनांचा नामदेव कधी दिलात का?

ज्यांना सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल, त्यांनी सिंह बंधूंपासून करावी. तेजपाल सिंह आणि सुरिंदर सिंह हे दोघे भाऊ उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य. ख्याल तर त्यांनी गायलाच, गुरुबाणीही रागदारीच्या शिस्तीत गायली. ज्याला अमीर खाँसाहेबांचा संथ मारवा आवडतो, त्याला सांगण्यासारखं हे कारण आहे. याला मी शिफारस म्हणतो: तुला हे आवडतं, म्हणून ते ऐक, आणि ऐकताना इथे लक्ष दे. भीमसेनांचा नामदेव एका संध्याकाळी, गुरुबाणीतला नामदेव दुसऱ्या दिवशी पहाटे. दोन्हीकडे शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचं. तिथे नामा स्वतःचं नाव सांगतो.

मोबाईलवरचं गाण्यांचं अॅप हे करणार नाही. तुम्ही काल काय ऐकलंत ते त्याला माहीत असतं आणि तेच जरा वळणाने ते उद्या पुढे ठेवतं. अभंग ऐकणाऱ्याला अभंग, भीमगीत ऐकणाऱ्याला भीमगीत, शबद ऐकणाऱ्याला शबद. आपल्या गल्ल्या आहेत तशाच त्याने मोबाईलमध्ये बांधून ठेवल्या आहेत. भिंत ओलांडायला माणूस लागतो. अर्थात मोबाईलने चांगलं केलं तेही सांगतो: कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज आधी मोबाईलवरच महाराष्ट्रभर फिरला. औरंगाबादच्या चिकलठाण्यातल्या बाईंचं गाणं कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता घराघरांत पोचलं, कारण ऐकणाऱ्यांनी ते आपणहून पुढे नेलं. त्यांचंही एखादं गाणं पूर्ण ऐका. एकतारी आणि गळा, बाकी काही नाही, आणि काही लागतही नाही.

उर्दूचं काय? नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. इतवारा, देगलूर नाका इथल्या घरांत आजही गझल आणि कव्वालीची जाण बारीक आहे. खय्यामांनी संगीत दिलेल्या १९८२ च्या ‘बाजार’ चित्रपटाची गाणी आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. सुटी सुटी ऐकली आहेत. एकदा सलग ऐका. मीर तकी मीर, मिर्झा शौक, हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन आणि औरंगाबादचे बशर नवाज, असे चार शायर एकापाठोपाठ येतात. अठराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचा रस्ता, लता, तलत अजीज, भूपिंदर, जगजीत कौर अशा गळ्यांतून. भूपिंदर यांनी त्यात गायलेलं गीत मराठवाड्याच्या शायराचं, बशर नवाज यांचं आहे हे आपल्या किती जणांना माहीत आहे? बशर नवाज २०१५ साली गेले. त्यांच्या नावाने गाणं पाठवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सलग ऐकण्याचा मुद्दा निघालाच आहे तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’बद्दल सांगतो. १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काबरा गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी त्याची बांधणी आहे. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. चाळीसेक मिनिटांत सकाळ होते, दुपार कलते, रात्र येते. यातला एकटा भूप तोडून पाठवणं म्हणजे त्या मेंढपाळाच्या दिवसातली फक्त तिन्हीसांज पाठवणं. ‘शिवकल्याण राजा’चंही तसंच. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, हृदयनाथ मंगेशकरांनी लताबाईंकडून तो गाऊन घेतला. रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या शतकांतल्या कवींना एका धाग्यात ओवलं आणि मधलं निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. आज त्यातली दोन गाणी मिरवणुकीत वाजतात, बाकीची कुणी विचारत नाही. अल्बम करणाऱ्याने क्रम लावला त्यामागे डोकं खर्च केलेलं असतं. तो क्रम मोडायचा अधिकार शिफारस करणाऱ्याला नाही.

साथीदारांचीही तीच गत. अप्पा जळगावकर जालन्याचे. १९२२ चा जन्म, २००९ साली गेले, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले हार्मोनियमवादक. विसाव्या शतकातल्या कितीतरी थोर गायकांमागे त्यांची पेटी आहे. कॅसेटच्या कव्हरवर त्यांचं नाव बारीक अक्षरात का होईना, असायचं. मोबाईलच्या पडद्यावर बहुतेक वेळा गायकाचं एकच नाव येतं आणि मराठवाड्याचा माणूस त्या पेटीसकट अदृश्य होतो. भीमसेन किंवा किशोरीताईंचं जुनं ध्वनिमुद्रण पाठवणार असाल तर साथीला कोण आहे ते शोधा आणि लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे. इथे अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे औरंगाबादेत शिष्यांची पिढी घडवली, २०२१ साली गेले. नांदेडमध्ये दर फेब्रुवारीत शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ ‘संगीत शंकर दरबार’ भरतो, देशभरचे कलावंत येतात, मैदान भरतं. दिवाळी पहाटेला गोदाकाठी बंदाघाटावर लोक अंधारात येऊन बसतात. ऐकणाऱ्यांची वाण या शहराला नाही. तरी “नाथरावांचं काय ऐकू?” असं एखाद्या मुलाने विचारलं, तर चटकन एक राग, एक मैफल सांगणारे किती निघतील? पुण्या-मुंबईच्या मैफिली आपण तारखेसकट सांगतो. आपल्या गुरुजींच्या बाबतीत जीभ अडखळते.

आणि ज्यांच्याकडे हे आहे, ते देत नाहीत. हे सगळ्यात वाईट. खासगी मैफिलींची ध्वनिमुद्रणं नांदेड, लातूर, उदगीर, अंबाजोगाईच्या कपाटांत कुलुपात आहेत. “माझ्याकडेच आहे” हा आनंद त्यांना ऐकवण्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो. अशा रसिकांना माझं सांगणं स्पष्ट आहे: चुंबकीय फितीचा लेप सुटतो, दमट हवेत तिला बुरशी लागते, रीळ चिकटते. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर, ती आणखी लवकर जाते. तुम्ही जपताय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात तुम्ही ती संपवताय. यंदाच तिची डिजिटल प्रत काढा, तारीख, ठिकाण, राग, साथीदार लिहा, आणि शिष्यांच्या हाती द्या. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळमहर्षींनी गोंधळ ऐकवायला रात्री जागवल्या. त्यांच्या मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा आवाज कुठेच उरलेला नाही. रेकॉर्डिंग असूनही ते गमावणं हा गुन्हा आहे.

लातूरबद्दल मात्र मला आशा आहे आणि तिचं कारण शिकवणीच्या खोल्या. लातूर पॅटर्नच्या नावाने मराठवाड्यातली आणि बाहेरचीही हजारो मुलं इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत नांदेडचा, बीडचा, परभणीचा, सोलापूरचा अशी चार पोरं. रात्री बारा वाजता पुस्तक मिटल्यावर चौघांच्या कानात चार वेगळी गाणी. एकाच्या घरी आराधी मेळा, दुसऱ्याच्या घरी हरिपाठ, तिसऱ्याच्या घरी वामनदादा, चौथ्याच्या घरी कव्वाली. एवढी वेगवेगळी घरं एका छताखाली पुन्हा आयुष्यात येणार नाहीत. नंतर प्रत्येक जण आपापल्या वसाहतीत, आपापल्या सोसायटीत, आपल्यासारख्यांत राहायला जाणार. पालक मुलांना सांगतात, तिथे गाणीबिणी ऐकत बसू नका. मी उलट सांगतो. कानातलं काढा, मोबाईल मध्ये ठेवा, आणि “तू काय ऐकायलास रे?” असं एकमेकांना विचारा. रोज एकाची पाळी. वीस मिनिटांत रँक घसरत नाही.

आता काम सांगतो. येत्या रविवारी एक अल्बम निवडा. आधी तो स्वतः पूर्ण ऐका, क्रमाने, शेवटच्या कडव्यापर्यंत. मग तुमच्या गल्लीतला नसलेला, तुमच्या देवाचा नसलेला, तुमच्या जातीचा नसलेला एक माणूस निवडा. त्याला फोन करून घरी बोलावा किंवा त्याच्याकडे जा. गायक, गीतकार, संगीतकार, साथीदार ही चार नावं आणि तुम्हाला तो का आवडतो हे एक वाक्य, एवढं सांगून ऐकवा. मग त्याला म्हणा, आता तुझा ऐकव. त्याने काय ऐकवलं ते मला पत्राने कळवा. सोबत कवीचं नाव लिहायला विसरू नका. नाव नसलेली पत्रं मी छापणार नाही.